कूतच्या वेढ्यातल्या तीन पलटणी

तारापूरचा किल्ला १७३९ च्या आरंभी पडला. चिमाजी आप्पांच्या फौजेनं तटाखाली सुरुंग उडवले, खिंडार पाडलं आणि हातघाईची लढाई होऊन पोर्तुगीजांचं निशाण खाली आलं. या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्यांच्या आईला पेशव्यांकडून सांत्वनाचं पत्र गेलं आणि ते पत्र इतिहासात जपलं गेलं. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू, तारापूर, अशेरी अशी ठाणी घेत वसईपर्यंत पोचलेली ती मोहीम पालघर-बोईसरच्या माणसाला सांगावी लागत नाही. तिचे तट आणि बुरूज गावागावांत उभे आहेत.

त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी याच मुलखात दुसरी एक लढाई झाली. तिची आठवण मात्र फारसं कुणी काढत नाही. इंग्रजांचा जनरल गॉडर्ड सुरतेहून दक्षिणेला उतरला आणि नोव्हेंबर १७८० मध्ये त्यानं वसईपुढे मोर्चे बांधले. वसई सोडवायला निघालेल्या मराठी फौजेला वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या परिसरात कर्नल हार्टलीनं अडवलं. मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश तिथे मारले गेले. वसई ११ डिसेंबरला इंग्रजांच्या हाती गेली. हार्टलीच्या हाताखाली मुंबईच्या देशी पलटणी होत्या. कोकणातले मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली असे नाना जातींचे लोक कंपनीच्या त्या पलटणींत चाकरीला असत. म्हणजे दुगाडला दोन्ही बाजूंना इथलीच माणसं उभी होती. सालबाईच्या तहानं १७८२ मध्ये वसई परत मिळाली, पण मुंबईच्या पलटणी वाढतच गेल्या. त्यांतल्याच काहींना पुढे ‘मराठा’ हे नाव मिळालं आणि पहिल्या महायुद्धात त्या टायग्रिस नदीच्या काठी, बगदादच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या.

मला सांगायची आहे ती त्यांच्यापैकी तीन पलटणींची हकीकत : १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा. कूत नावाच्या गावात १९१६ च्या एप्रिलमध्ये या तिन्ही पलटणी अखंड शत्रूच्या कैदेत गेल्या. तरीही त्या संपल्या नाहीत. पलटण म्हणजे नेमकं काय आणि तिच्यातला शिपाई म्हणजे काय, हे या हकीकतीइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आधी पलटणीची घडण पाहू. १९१४ साली हिंदी पायदळाच्या एका पलटणीत साडेसातशेच्या आसपास शिपाई असत. वरचे डझनभर अधिकारी इंग्रज. त्यांच्याखाली जमादार, सुभेदार आणि सर्वांत वरचा देशी हुद्दा म्हणजे सुभेदार-मेजर. सुभेदार-मेजरनं तीस वर्षं चाकरी केलेली असली, तरी कालच विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम त्यानंच ठोकायचा. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. मशीनगन पलटणीमागे दोन. शिवाय पखालवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, खेचरवाले. त्यांच्या हाती बंदूक नसे, पण गोळ्या त्यांच्याही अंगावर यायच्या.

मराठा पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे असत, जोडीला काही दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या. भरतीचा भर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या पट्ट्यावर होता. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि उत्तर कोकण भरतीच्या मुख्य वाटेपासून जरा बाजूलाच राहिलं. एका खोऱ्यातली, एका भावकीतली माणसं एकाच पलटणीत जात. थोरल्या भावानं धाकट्याला आणायचं, पेन्शनीत निघालेल्या हवालदारानं गावातली चार पोरं डेपोत पाठवायची, अशी ती रीत होती. त्यामुळे पलटणीवर घाला पडला की एका टापूतल्या कित्येक घरांवर एकाच आठवड्यात तो पडायचा.

या पलटणींकडे युद्धाआधीची पंचवीस वर्षं सरकारनं जवळजवळ पाठ फिरवली होती. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. लढाऊ जाती वायव्येला आणि नेपाळात असतात, दक्षिणेकडची माणसं लढाईच्या कामाची राहिली नाहीत, असा त्यांचा ठाम ग्रह. भरती पंजाबकडे सरकली. महारांची भरती १८९२ मध्ये बंदच झाली. पिढ्यान्पिढ्या लष्करात असलेल्या समाजाची भाकरी आणि मान एका हुकमानं गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. मराठ्यांची भरती चालू राहिली, पण दुय्यम म्हणून. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, या पलटणी गेल्या त्या अशा कमी लेखल्या गेलेल्या अवस्थेत. त्यांनी तिथे जे केलं त्याचं मोल ठरवताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

मेसोपोटेमियातलं युद्ध तेलासाठी सुरू झालं. इराणच्या आखाताच्या टोकाशी आबादानला तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि इंग्रजांचं आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होतं. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरणार असं दिसताच मुंबईहून फौज निघाली. ही सहावी पुणे डिव्हिजन. तिच्या पहिल्या ब्रिगेडबरोबर ११७वी मराठा होती. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओला पहिली तुकडी किनाऱ्यावर उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा हाती आलं. डिसेंबरच्या ९ तारखेला कुर्ना पडलं, त्या लढाईत ११०वी होती. कुर्ना म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिसचा संगम.

एप्रिल १९१५ मध्ये शैबाला तीन दिवस घनघोर लढाई झाली आणि बसरा परत घेण्याचा तुर्कांचा मनसुबा मोडला. त्यानंतर आली ती पाण्यातली लढाई. वितळलेल्या बर्फाच्या पुरानं कुर्नापुढचा सगळा प्रदेश जलमय झालेला, तुर्कांची ठाणी उंचवट्यांवर बेटांसारखी. ३१ मे रोजी १७व्या ब्रिगेडचे शिपाई अरुंद होड्यांत बसून, बांबू रेटत, गवतातून वाट काढत त्या बेटांवर चालून गेले. १०३वी याच ब्रिगेडमध्ये होती. ३ जूनला अमारा पडलं.

इथपर्यंतचं यश स्वस्तात मिळालं आणि त्यानंच पुढचा घात केला. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड. त्याला आणि त्याच्या वरच्यांना बगदाद दिसू लागलं. बसऱ्यापासून जितकं वर जावं तितकी रसदीची वाट लांबत होती. रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती, होती ती नदी, आणि नदीत चालतील अशा बोटी फार थोड्या. तरी पुढे जायचं ठरलं. २८ सप्टेंबर १९१५ ला कूतजवळची तुर्कांची मजबूत फळी फोडली. रात्रभर दलदलीला वळसा घालून बगलेवर चालून गेलेल्या तुकड्यांत ११७वी होती, तिनं डॉर्सेट पलटणीबरोबर उत्तरेकडचा बुरूजवजा मोर्चा घेतला. दिवसभर पाणी मिळालं नाही. विजय मिळाला, पण तुर्क शिस्तीत मागे हटले आणि बगदादच्या अलीकडे टेसिफोनला खंदक खणून बसले.

टेसिफोनला जुन्या इराणी बादशहांच्या महालाची प्रचंड कमान आहे. २२ नोव्हेंबर १९१५ ला तिच्या सावलीत लढाई झाली. तिन्ही मराठा पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडांत होत्या, त्यामुळे तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी झिजल्या. पहिली फळी घेतली, दुसरी घेता आली नाही. साडेचार हजारांहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली. हा आकडा लढायला उतरलेल्या फौजेच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा होता.

जखमींचं जे झालं ते या मोहिमेतलं सर्वांत लाजिरवाणं प्रकरण आहे. त्यांना न्यायला रुग्णवाहिका नव्हत्या. सामान वाहायच्या, स्प्रिंग नसलेल्या लोखंडी खेचरगाड्यांत मोडलेल्या पायांची माणसं एकावर एक घालून नदीपर्यंत आणली. तिथून उघड्या बोटींवर, मलमपट्टी न बदलता, दिवसचे दिवस प्रवास करून बसऱ्याला. मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरानं अशा एका बोटीची स्थिती पाहून सडेतोड अहवाल लिहिला, तर वरिष्ठांनी त्यालाच दटावलं. पुढे विलायतेत चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. ही फौज पाठवणारं आणि पोसणारं सरकार हिंदुस्थानचं होतं. बगदादची हाव धरताना त्यानं शिपायाच्या स्ट्रेचरचा हिशेब केला नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

टाउनशेंडनं माघार घेतली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फौज कूतला पोचली. तुर्कांनी गावाला वेढा दिला.

कूत टायग्रिसच्या एका वळणात आहे. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला खंदक. खंदकांच्या ईशान्य टोकाला मातीचा एक किल्ला. नदीच्या पलीकडे, उजव्या तीरावर, गाठी बांधायचा कारखाना असलेलं एक लहानसं गाव. तीन पलटणी तीन जागी वाटल्या गेल्या. १०३वीची ब्रिगेड किल्ल्यात, ११७वी वायव्येच्या खंदकांत आणि ११०वी नदीपलीकडच्या त्या गावात.

२४ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी तोफांनी किल्ल्याची भिंत पाडली आणि खिंडारातून आत शिरले. किल्ल्यात ऑक्सफर्डशर लाइट इन्फंट्री, १०३वी मराठा आणि ११९वी यांचे लोक होते. मुरंब्याच्या डब्यांत दारू ठासून केलेले हातबॉम्ब, संगिनी आणि अगदी समोरासमोरची गोळीबारी. दिवसभर आणि पुन्हा रात्री हल्ले झाले. किल्ला राहिला. आतली तीनशेहून अधिक माणसं कामी आली किंवा जखमी झाली, तुर्कांची त्याहून बरीच जास्त. यानंतर तुर्कांनी मोठा हल्ला केला नाही. भुकेवर काम सोपवलं.

नदीपलीकडच्या गावाची गोष्ट वेगळी. ११०वी आणि १२०वी या दोन पलटणी तिथे मुख्य ठाण्यापासून तुटलेल्या होत्या. दिवसा नदी ओलांडणं म्हणजे मरण, म्हणून शिधा आणि दारूगोळा रात्री होडीनं जायचा. वसंतात पूर आला तेव्हा खंदकांत पाणी शिरलं आणि गावाभोवती पाण्याचा वेढा पडला. तिथला पहारा म्हणजे चिखलातलं उभं राहणं. या ठाण्याबद्दल युद्धाच्या पुस्तकांत चार ओळी सापडतात, कारण तिथे मोठी लढाई झाली नाही. पाच महिने न हलता जागा धरून ठेवणं हीदेखील लढाईच होती, असं मला वाटतं.

भुकेचा प्रश्न आता खोलात पाहायला हवा, कारण हिंदी शिपायांवर त्यात मोठा अन्याय झाला आहे. मांस संपल्यावर घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. इंग्रज शिपाई ते खाऊ लागले, बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. टाउनशेंडनं पुढे लिहिताना वेढा लांबवता न येण्याचा दोष बराचसा या नकारावर ठेवला. शिपायाच्या जागेवरून पाहिलं तर गोष्ट साधी होती. घोड्याचं मांस खाल्लं हे गावात कळलं तर जातीबाहेर टाकतील, मुलीबाळींची लग्नं अडतील, ही त्याची धास्ती खरी होती. ती कुणी वेडेपणातून उभी केलेली नव्हती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी संशय गेला नाही. मांस नाही, भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. शिपाई खंदकांजवळचं गवत आणि रानपाला शिजवून खायचे, त्यात विषारी पाला येऊन काहींचे प्राण गेले. एप्रिलमध्ये रोजचं पीठ मूठभरावर आलं तेव्हा हजारोंनी शेवटी घोड्याचं मांस खाल्लं. तोवर शरीरं संपली होती.

विमानातून पिठाची, साखरेची, मिठाची पोती टाकली गेली. अन्न वरून टाकून वेढ्यातल्या फौजेला जगवण्याचा हा जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे, आणि आली ती हजारो तोंडांना पुरणारी नव्हती. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही बोट २७० टन शिधा घेऊन तुर्कांच्या माऱ्यातून निघाली आणि कूतच्या अलीकडेच अडकली. वेढा फोडायला आलेल्या फौजेनं तेवीस हजारांच्या आसपास माणसं गमावली. ही संख्या वेढ्यातल्या लढाऊ माणसांच्या जवळजवळ दुप्पट होती. पैसे देऊन फौज सोडवण्याचा प्रयत्नही झाला, त्या बोलण्यांत इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स होता. तुर्कांचा सेनापती हलील पाशानं तो धुडकावला. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेलं.

तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नोकर मिळाले. शिपायांना मिळाली पायपीट. बगदाद, समारा, मोसुल आणि तिथून वाळवंटातून रास-अल-ऐनपर्यंत. तापाचे दिवस, पायांत बूट नाहीत, मागे पडेल त्याला चाबूक. रास-अल-ऐनला जर्मनांच्या बगदाद रेल्वेचं काम चालू होतं, त्यावर हिंदी कैद्यांना जुंपलं. इंग्रज शिपायांपैकी दोन तृतीयांश कैदेत मेले. हिंदी कैद्यांपैकी तीन हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा त्यांचा मागच लागला नाही. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाली रुग्णसेवक टेसिफोनपासून रास-अल-ऐनपर्यंत या सगळ्यातून गेला आणि त्यानं पुढे बांगला भाषेत ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं. शिपायाच्या उंचीवरून पाहिलेली ही कैद कळायला त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तीन पलटणी अख्ख्या नाहीशा झाल्या. मग पुढे काय?

पलटणीचा एक भाग नेहमी मागे असतो. हिंदुस्थानात तिचा डेपो असतो, तिथे रंगरूट तयार होत असतात. काही लोक रजेवर, काही इस्पितळात. टेसिफोनचे जखमी वेढा पडण्याआधी बसऱ्याकडे रवाना झाले होते, ते वाचले. शिवाय पलटणीत भर म्हणून निघालेली कुमक बसऱ्यालाच अडकली होती. या उरल्यासुरल्या माणसांना एकत्र बांधून नदीवर एक मिश्र मराठा पलटण उभी केली आणि तिला कूत सोडवण्याच्या लढायांत उतरवलं. नॉरफोक आणि डॉर्सेट या इंग्रज पलटणींच्या उरलेल्यांचीही अशीच जोड झाली होती, तिला शिपाई ‘नॉरसेट’ म्हणत. पुढे डेपोतून नव्या १०३, ११० आणि ११७ उभ्या राहिल्या. माणसं नवी, आकडा जुना. बहुतेक रंगरूट त्याच खोऱ्यांतले, कित्येकदा कैदेत असलेल्याचा सख्खा किंवा चुलत भाऊ.

पण हे करताना हिंदी लष्कराची जुनी व्यवस्था कोलमडली होती. प्रत्येक पलटण स्वतंत्र, तिचे राखीव लोक थोडे आणि म्हातारे. १९१५ मध्येच एका पलटणीची भगदाडं बुजवायला दुसऱ्या पलटणींतून अनोळखी माणसं आणावी लागत होती. भाषा वेगळी, जेवण वेगळं, अधिकारी अनोळखी. युद्धानंतर १९२२ मध्ये सरकारनं याचा धडा घेतला. पाच-सहा पलटणींची मिळून एक रेजिमेंट केली आणि प्रशिक्षणाचं काम त्यांतल्या एकीकडे कायमचं सोपवलं. मराठ्यांच्या पलटणींची झाली पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, ठिकाण बेळगाव. १०३ झाली तिची पहिली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. ११७वीला त्याआधीच ‘रॉयल’ ही पदवी मिळाली होती.

११४वी मराठा मात्र प्रशिक्षणाची पलटण झाली. मला याची हळहळ वाटते, कारण तुर्कांशी चाललेल्या युद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या वाटेवर शर्कातला, याच पलटणीनं तुर्कांचे उलटे हल्ले परतवून लावले आणि एकाच लढाईत शौर्याची २८ पदकं मिळवली. दक्षिणेतली माणसं लढाऊ राहिली नाहीत, हे म्हणणं त्यातून खोटं ठरलं. महारांची १११वी पलटण १९१७ मध्ये उभी झाली होती, ती मात्र १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज होती तोवर घेतलं आणि गरज सरताच घरी पाठवलं.

देशात या भरतीचं राजकारणही तापलं होतं. लोकमान्य टिळक तरुणांना लष्करात जा म्हणत होते, पण बरोबरीचे हुद्दे मिळाले पाहिजेत या अटीवर. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना बोलू दिलं नाही. त्याच सुमारास टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला : सरकारकडून हिंदी लोकांना अधिकारपदं मिळण्याचं वचन तुम्ही आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं उभी करतो, नाहीतर हा पैसा तुमचा. गांधीजींनी चेक परत केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भरतीला मोठी मदत केली आणि १९ नोव्हेंबर १९२१ ला पुण्यात, शिवस्मारकाबरोबर मराठा युद्धस्मारकाची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली.

पलटणींचे आकडे तर पुढे चालतच राहिले. पूर्वीची ११०वी १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर लढली. तिच्याच नाईक यशवंत घाडगेंनी, माणगाव तालुक्यातल्या तरुणानं, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी ती ढाक्याच्या उत्तरेला टांगाइलजवळ आकाशातून उतरली आणि तिनं पुंगलीचा पूल धरला. दुसऱ्या दिवशी जमालपूर घेऊन दक्षिणेला आलेली पलटण तिला येऊन मिळाली. ती होती पहिली मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण, म्हणजे जुनी १०३वी. कूतला एक किल्ल्यात होती आणि एक नदीपलीकडे.

आता नावांबद्दल. बसऱ्याला मेसोपोटेमियात थडगं न मिळालेल्या सैनिकांचं स्मारक आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. इंग्रज अधिकारी आणि शिपाई नावानिशी कोरलेले आहेत, हिंदी अधिकारीही नावानिशी आहेत. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येनं. दगडावर जागा नव्हती असं म्हणता येत नाही, कारण फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली आहेत. बसऱ्याला ती कोरण्याजोगी वाटली नाहीत. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं स्वतःच्या चौकशी अहवालात ही असमानता मान्य केली आणि तिच्याबद्दल माफी मागितली. १७३९ च्या तारापुरातही साध्या शिपायाचं नाव राहिलं नाही, हे खरं. पण विसाव्या शतकातल्या सरकारकडे प्रत्येकाचा नंबर, नाव, बापाचं नाव, गाव आणि तालुका लिहिलेली वही होती. नावं माहीत असून कोरली नाहीत.

ती नावं दुसऱ्या दोन ठिकाणी मात्र राहिली आहेत. एक म्हणजे युद्धसमाधी आयोगाच्या याद्या. त्या आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. नाव, पलटण किंवा शिपायाचा नंबर घालून पाहावं. इंग्रज कारकुनांनी मराठी नावं कानाला लागतील तशी लिहिली, म्हणून एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं करून पाहायला लागतात, आणि आडनावाऐवजी बापाच्या नावानंही शोधायला लागतं.

दुसरं ठिकाण म्हणजे घरातली ट्रंक. त्या युद्धाची पदकं शिपायांना आणि त्यांच्या वारसांना मिळाली : चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, सोनेरी रंगाचं व्हिक्टरी मेडल आणि युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत आघाडीवर गेलेल्यांना काशाचा तारा. डोलीवाले, पखालवाले, मजूर यांना वॉर मेडल बहुधा काशाचं मिळालं. कामी आलेल्याच्या घरी तळहाताएवढी काशाची गोल थाळी आली, तिच्यावर त्याचं नाव आहे. मेडलच्या कडेवर, तर ताऱ्याच्या पाठीमागे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. काळवंडलेलं म्हणून घासून चकचकीत करू नये, त्यानं अक्षरं झिजतात. भिंग आणि तिरपा उजेड पुरतो. कोकणात, किनाऱ्यावर किंवा डोंगरात, पणजोबा ‘बसऱ्याला’ गेले होते एवढंच घरात बोललं जात असेल, तर आधी ती कड वाचावी, मोडीत घालायच्या आधी.